यंत्रमानव नियंत्रक : दर्शकदीप व जोडणीद्वारे

औद्योगिक यंत्रमानवाच्या बाहूची हालचाल ठरविणारी, चलित्रांना (मोटरींना) विद्युत् शक्ती पुरविणारी व सुरक्षा मंडलांवर लक्ष ठेवणारी जी इलेक्ट्रॉनीय यंत्रणा लोखंडी कपाटात बसविलेली असते, तिला यंत्रमानव नियंत्रक म्हणतात. नियंत्रकाच्या निरनिराळ्या घटकांची स्थिती दाखविणाऱ्या लहान दिव्यांना दर्शकदीप, तर बाहू, विद्युत् पुरवठा, सुरक्षा साधने, इतर यंत्रे व संगणक यांच्याशी संबंध जोडणाऱ्या संयोजकांना जोडणीद्वारे असे म्हणता येईल. दर्शकदीपांचा अर्थ व द्वारांचे कार्य यांचे ज्ञान दुरुस्तीसाठी जितके आवश्यक आहे तितकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, दुरुस्ती करणाऱ्याच्या जीविताच्या दृष्टीने आवश्यक आहे. स्थिर उभा असलेला यंत्रमानव विद्युत् प्रवाहरहित असतोच असे नाही. एखाद्या संकेताची वाट पाहत तो थांबलेला असू शकतो. जपानमधील आकाशी येथील कारखान्यात १९८१ मध्ये कुंपण ओलांडून पूर्णपणे बंद न केलेल्या यंत्रमानवाजवळ गेलेला एक कामगार बाहूच्या दाबाने मृत्यू पावला. या प्रकारच्या अपघातांमुळे यंत्रमानवाची स्थिती बाहेरून स्पष्टपणे कळण्याचे महत्त्व अधोरेखित झाले.

इतिहास : कारखान्यात वापरलेला पहिला यंत्रमानव ‘युनिमेट’ हा १९६१ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसविण्यात आला. तो द्रवीय दाबावर चालत असे व त्याच्या हालचाली चुंबकीय पिंपावर (ड्रमवर) नोंदलेल्या असत. १९७४ मध्ये स्वीडनमधील ‘ए. एस. ई. ए.’ या कंपनीने ‘आय. आर. बी. ६’ हा सर्वस्वी विद्युत् चलित्रांवर चालणारा व सूक्ष्मप्रक्रियकाने नियंत्रित होणारा यंत्रमानव तयार केला. त्यानंतर नियंत्रक हा मूलतः एक संगणक झाला आणि त्याच्या आत काय चालले आहे, हे बाहेरून ओळखण्यासाठी दर्शकदीपांची गरज वाढली.

आरंभी याकरिता तंतुदीप (बारीक तारेचे दिवे) व निऑन दिवे वापरीत. १९६२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ निक होलोन्याक यांनी दृश्य तांबडा प्रकाश देणारा प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) तयार केला. पुढे पिवळे व हिरवे द्विप्रस्थही मिळू लागले. अल्प प्रवाह, धक्के सहन करण्याची क्षमता व दीर्घ आयुष्य यांमुळे यंत्रमानवाच्या नियंत्रकात त्यांचाच वापर रूढ झाला. पुरेसा तेजस्वी निळा द्विप्रस्थ १९९० नंतरच्या दशकात उपलब्ध झाला व त्याच्या आधारे पांढरा प्रकाशही मिळविता आला. त्यामुळे जुन्या नियंत्रकांतील मंडल फलकांवर तांबडा, पिवळा व हिरवा हेच रंग आढळतात. निळे व पांढरे द्विप्रस्थ नंतरच्या काळातील आहेत.

संरचना : सर्वसाधारण नियंत्रकात पुढील भाग असतात : (१) मुख्य विच्छेदक स्विच, वितळतारा व आवश्यक तेथे रोहित्र, (२) एकदिशकारक व धारित्रे यांच्या साहाय्याने चलित्रांसाठी उच्च दाबाचा एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह निर्माण करणारा विभाग, (३) त्या प्रवाहापासून प्रत्येक अक्षाच्या चलित्राला योग्य तो त्रिकला प्रवाह देणारे सर्व्हो विवर्धक, (४) संगणन व नियंत्रण फलकांसाठी २४, ५ व ३·३ व्होल्ट दाब देणारे पुरवठे, (५) मुख्य संगणक, (६) अक्षांच्या गतीचे गणित करणारा अक्ष संगणक, (७) सुरक्षा फलक, (८) आदान-प्रदान फलक. यांपैकी जवळजवळ प्रत्येक भागावर स्वतंत्र दर्शकदीप असतो. तो दीप केवळ आपल्या जागेपुरतीच साक्ष देतो, ही गोष्ट सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

दर्शकदीपाचे कार्य : तांबड्या द्विप्रस्थाला सु. २ व्होल्ट दाब व काही मिलिअँपिअर प्रवाह पुरतो. त्याला २४ व्होल्टच्या मंडलात जोडावयाचा असल्यास त्याच्याशी एकसरीत रोधक बसवितात. ५ मिलिअँपिअर प्रवाहासाठी हा रोध सु. ४,४०० ओहम येतो. दीप लागला म्हणजे त्या बिंदूवर दाब आहे एवढेच सिद्ध होते. उदा., प्रदान फलकावरील दीप लागलेला असूनही पुढील तार तुटलेली असल्यास वायुदाबाची झडप उघडत नाही. कित्येक फलकांवर तर हा दीप तर्कमंडलाच्या बाजूस असल्याने प्रदानाचा ट्रँझिस्टर जळालेला असतानाही तो प्रकाशतो. याउलट दोन तारांच्या संवेदकातून झिरपणाऱ्या अल्प प्रवाहाने आदानाचा दीप मंदपणे लुकलुकतो आणि संकेत मिळाल्याचा भास होतो. म्हणून दीपाची साक्ष मापकाने पडताळून पाहणे इष्ट असते.

रंग व लुकलुकणे : यंत्रांच्या विद्युत् सामग्रीसाठी असलेल्या आय. ई. सी. ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दर्शकदीपाचा तांबडा रंग धोका वा आणीबाणी, पिवळा अपसामान्य स्थिती, हिरवा सामान्य स्थिती, निळा चालकाने अवश्य करावयाची कृती व पांढरा तटस्थ माहिती दर्शवितो. कपाटाच्या बाहेरील व यंत्रावरील दिवे सामान्यपणे या संकेतास अनुसरून असतात. आतील मंडल फलकांवरील दीपांचे अर्थ मात्र निर्माता ठरवितो व ते प्रतिमानागणिक बदलतात. म्हणून त्या त्या नियंत्रकाची माहितीपुस्तिका जवळ असल्यावाचून आतील दीपांचा अर्थ लावू नये.

रंगाइतकेच लुकलुकण्यालाही महत्त्व आहे. ए. बी. बी. कंपनीच्या ‘आय. आर. सी. ५’ या नियंत्रकाच्या पुढील बाजूस चलित्रे सुरू करण्याची पांढरी प्रकाशित कळ असते. ती स्थिर प्रकाशत असल्यास यंत्रमानव कार्यक्रम चालविण्यास सिद्ध आहे असे समजावे. ती सेकंदाला सु. एकदा मंद लुकलुकत असल्यास कोणते तरी संरक्षक मंडल उघडलेले असून चलित्रे बंद आहेत. ती सेकंदाला सु. चार वेळा जलद लुकलुकत असल्यास अक्षांचे स्थाननिर्धारण झालेले नाही किंवा फेऱ्यांची गणना अद्ययावत नाही. परंतु चलित्रे चालू आहेत. मंद व जलद लुकलुकणे यांतील फरक न ओळखणारा मनुष्य चलित्रे बंद आहेत अशा समजुतीने प्रत्यक्षात चालू असलेल्या बाहूखाली जाण्याचा संभव असतो. संथ व शीघ्र या दोन शब्दांत सामावणारा हा भेद जीवनमरणाचा ठरू शकतो.

याच नियंत्रकाच्या अक्ष संगणकावरील दुरंगी दीप आरंभक्रम दाखवितो. वीज सुरू होताच तो स्थिर तांबडा होतो; मुख्य संगणकाशी संबंध जुळून कार्यक्रम उतरवून घेतला जात असताना तांबडा लुकलुकतो; कार्यक्रम सुरू होऊन इतर घटक जोडले जात असताना हिरवा लुकलुकतो आणि सर्व सिद्ध झाल्यावर स्थिर हिरवा राहतो. त्यामुळे वीज सुरू केल्यावर पहिल्या काही क्षणांत दिसणारा तांबडा दीप हा दोष नसून क्रमातील पहिली पायरी असते. तो तांबडाच राहिला तरच दोषाचा विचार करावा. काही नियंत्रकांच्या मुख्य फलकावर सात रेघांचा अंकदर्शक असतो व तो आरंभक्रमातील टप्पा अथवा दोषाचा क्रमांक दाखवितो.

विद्युत् भार दर्शक दीप : दर्शकदीपांपैकी सर्वांत गंभीर अर्थ याचा असतो. भारतातील त्रिकला पुरवठ्याचा ४१५ व्होल्ट दाब सरळ एकदिशकारकातून नेल्यास धारित्रांवर सु. ५८५ व्होल्ट एकदिश दाब साठतो. रोहित्राने दाब सु. २०० व्होल्टपर्यंत उतरविणाऱ्या नियंत्रकातही तो सु. २८० व्होल्ट असतो. मुख्य स्विच बंद केल्यानंतर हा भार विसर्जन रोधकातून हळूहळू नाहीसा होतो आणि तोपर्यंत हा दीप सामान्यतः तांबडा प्रकाशत राहतो. तो विझला की भार संपला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तो धोकादायक आहे. प्रत्यक्षात दीप काही व्होल्ट शिल्लक असतानाच विझू शकतो, तसेच दीप स्वतः निकामी झालेला असण्याचाही संभव असतो. फानुक कंपनीच्या सहा अक्षांच्या सर्व्हो विवर्धकावर ‘डी ७’ नावाच्या दीपाच्या वरच्या बाजूस असलेल्या स्क्रूपाशी एकदिश दाब मोजावा व तो ५० व्होल्टपेक्षा अधिक नसल्याची खात्री झाल्याशिवाय विवर्धकास हात लावू नये, अशी सूचना त्या कंपनीच्या माहितीपुस्तिकेत आहे. लागलेला दीप धोका निश्चितपणे सांगतो, विझलेला दीप सुरक्षितता निश्चितपणे सांगत नाही, हा नियम सर्व नियंत्रकांस लागू आहे.

जोडणीद्वारे : द्वारांचे सामर्थ्य, सुरक्षा व संदेश असे तीन वर्ग पाडता येतात.

(अ) सामर्थ्य द्वारे : मुख्य पुरवठा कपाटातील विच्छेदक स्विचाला येऊन मिळतो. स्विच बंद केला, तरी त्याच्या येणाऱ्या बाजूच्या टोकांवर पूर्ण दाब कायम असतो. म्हणून मागील वितरण फलकावरील स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे लागते. चलित्रांकडे जाणारा संयोजक आकाराने मोठा व खिट्टी असलेला असतो. त्यातून प्रत्येक चलित्राच्या तीन कला, भूसंपर्क व गतिरोधकाचा (ब्रेकचा) पुरवठा जातो. गतिरोधक स्प्रिंगने लागतो व विद्युत् प्रवाहाने सुटतो. त्यामुळे वीज गेल्यास बाहू जागीच धरला जातो. मात्र गतिरोधक मोकळा करण्याची कळ दाबल्यास जड बाहू स्वतःच्या वजनाने खाली येतो. म्हणून ही कळ दाबण्यापूर्वी बाहूस आधार देणे जरूर असते.

(आ) मापन द्वार : प्रत्येक सांध्याचा कोन मोजणाऱ्या एन्कोडर किंवा रिझॉल्व्हर या साधनांकडून येणारे संकेत या द्वारातून येतात. हे संकेत क्षीण असल्याने केबलीवर धातूचे संरक्षक आवरण असते व ते नीट भूसंपर्कित नसल्यास चलित्रांच्या तारांपासून होणाऱ्या उपद्रवामुळे अनियमित दोष उद्भवतात. वीज नसताना सांध्यांच्या फेऱ्यांची नोंद टिकविण्यासाठी बहुधा विद्युत् घटांचा (बॅटऱ्यांचा) उपयोग करतात. एन्कोडरला जाणारा घटांचा पुरवठा तुटल्यास ही नोंद नष्ट होते व शून्यस्थान पुन्हा ठरवावे लागते. फानुक यंत्रमानवांतील हे घट नियंत्रकाची वीज चालू ठेवून बदलतात. दुरुस्तीच्या इतर कामांत वीज बंद करावयाची, तर या कामात चालू ठेवावयाची, असा हा अपवाद आहे. याकरिता आणीबाणीची थांब-कळ दाबून ठेवणे आवश्यक असते.

(इ) हस्तफलक द्वार : कारखान्यात टीच पेंडंट या नावाने ओळखला जाणारा हस्तफलक एकाच केबलीने जोडलेला असतो. तीतून पडद्याची माहिती, आणीबाणीची थांब-कळ व तीन स्थितींची अनुमती कळ यांचे संकेत जातात. अनुमती कळ मध्यम दाबल्यासच चलित्रांना वीज मिळते. ती सोडून दिली किंवा भीतीने घट्ट आवळली, तर वीज तुटते. हस्तचलित पद्धतीत बाहूच्या टोकाचा वेग सेकंदाला २५० मिमी.पेक्षा अधिक होऊ दिला जात नाही. थांब-कळीचे मंडल या द्वारातून जात असल्याने हस्तफलक अचानक काढल्यास यंत्रमानव थांबतो. अनेक नियंत्रकांत फलक काढून काम चालवावयाचे असल्यास त्याच्या जागी ठरावीक लघुमंडल संयोजक बसवितात.

(ई) सुरक्षा द्वारे : कुंपणाचे दार, प्रकाश पडदा व बाहेरील थांब-कळा येथे जोडतात. प्रत्येक साधनाच्या दोन स्वतंत्र शाखा असतात. एकच शाखा उघडली, तर नियंत्रक ती विसंगती समजून यंत्रमानव थांबवितो व दोष दाखवितो. संपर्क चिकटून बसला किंवा तार तुटली, तरी संरक्षण टिकावे हा यामागील हेतू आहे. काही नियंत्रकांची ही टोके कारखान्यातून निघताना तारेच्या तुकड्यांनी जोडलेली असतात. बाहेरील साधने जोडताना हे तुकडे काढून टाकावे लागतात. उत्पादन अडून राहिले असता सुरक्षा मंडलाचा तांबडा दीप घालविण्यासाठी हीच टोके पुन्हा तारेने जोडण्याचा मोह होतो. तसे केल्यास दीप हिरवा होतो. पण दाराचे रक्षण नाहीसे होते व त्यानंतर तो हिरवा दीप खोटी साक्ष देत राहतो. यंत्रमानवाच्या देखभालीत याहून मोठा प्रमाद नाही.

(उ) आदान-प्रदान व क्षेत्रीय जाल द्वारे : पकड, वितळजोडाचा (वेल्डिंगचा) संच, वाहक पट्टा इत्यादींशी देवाणघेवाण २४ व्होल्टच्या संकेतांनी होते. अनेक तारांऐवजी एकाच केबलीतून पुष्कळ संकेत क्रमाने पाठविणाऱ्या जालांना क्षेत्रीय जाले म्हणतात. त्यांच्या दीपांचे अर्थ जालाच्या मानकात ठरविलेले असल्याने ते निर्मात्यागणिक बदलत नाहीत. डिव्हाइसनेट जालातील जालस्थिती दीप विझलेला असल्यास घटकाला वीज नाही वा तो जालात आलेला नाही. हिरवा लुकलुकत असल्यास तो जालात आहे, पण कोणाशी संबंध प्रस्थापित झालेला नाही. स्थिर हिरवा असल्यास संबंध प्रस्थापित झाला आहे. तांबडा लुकलुकत असल्यास संबंधाची मुदत संपली आहे. स्थिर तांबडा असल्यास एकच क्रमांक दोन घटकांना दिला जाणे यासारखा गंभीर दोष आहे. या जालाच्या केबलीत पाच वाहक असतात : तांबडा व काळा वीजपुरवठ्याचे, पांढरा व निळा संदेशाचे आणि उघडा वाहक आवरणाचा. मुख्य केबलीच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा रोधक आवश्यक असतो. वीज बंद करून संदेशाच्या दोन तारांमधील रोध मोजल्यास तो सु. ६० ओहम यावा. १२० ओहम आल्यास एक रोधक नाही किंवा तार तुटली आहे असे अनुमान निघते.

ईथरकॅट जालात ‘रन’ दीप विझलेला असणे आरंभावस्था, लुकलुकणे पूर्वसिद्ध अवस्था, दीर्घ खंडाने एकेकदा चमकणे सुरक्षित अवस्था व स्थिर प्रकाशणे कार्यावस्था दाखविते. प्रोफिनेट जालाच्या साधनांवर प्रणालीदोष व जालदोष यांसाठी निरनिराळे तांबडे दीप असतात.

(ऊ) संगणक द्वारे : पूर्वी संगणकाशी जोडणीसाठी आर. एस. २३२ हे क्रमिक द्वार वापरीत. आता ईथरनेट व यूएसबी ही द्वारे रूढ आहेत. ईथरनेट द्वारावरील दोन दीपांपैकी एक जोडणी व दुसरा माहितीची ये-जा दर्शवितो. जोडणीचा दीप लागला, तरी घटकांचे जालपत्ते योग्य आहेत असे त्यावरून सिद्ध होत नाही. दिसायला सारखी असलेली द्वारे कार्याने भिन्न असतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. उदा., ‘आय. आर. सी. ५’ च्या सेवाद्वाराचा पत्ता १९२·१६८·१२५·१ असा कायम असून जोडलेल्या संगणकाला पत्ता देण्याची सोय त्यात आहे. हे द्वार चुकून कारखान्याच्या सर्वसाधारण जालास जोडल्यास ते इतर यंत्रांनाही पत्ते वाटू लागते व जालात गोंधळ उडतो. २०१७ मध्ये इटलीतील मिलान तंत्रविद्यापीठ व ट्रेंड मायक्रो या संस्थेच्या संशोधकांनी जालद्वारे नियंत्रकात शिरून यंत्रमानवाच्या हालचालीत फेरफार करता येतो, असे प्रात्यक्षिकाने दाखविले. म्हणून न लागणारी द्वारे बंद ठेवणे हा सुरक्षेचाच भाग मानला जातो.

दोषशोधनाचा क्रम : दीपांचे वाचन विद्युत् शक्तीच्या व संदेशाच्या मार्गाने, उगमाकडून टोकाकडे करावे. प्रथम मुख्य पुरवठा, नंतर २४ व्होल्ट व तर्कमंडलांचे पुरवठे, त्यानंतर संगणकाचा आरंभक्रम, अंतर्गत संदेशवहन, सुरक्षा मंडले, विवर्धकांची सिद्धता व अखेरीस बाहेरील जाले असा हा क्रम होय. समजा, विवर्धकावरील ५ व्होल्टचा हिरवा दीप लागला आहे, परंतु मुख्य फलकाशी संदेशवहन दाखविणारा दीप विझलेला आहे. यावरून तर्कमंडलाला वीज मिळते, पण संदेश येत नाही असे ठरते. तेव्हा प्रथम प्रकाशीय तंतूची केबल मुडपली आहे काय किंवा तिच्या टोकावर धूळ आहे काय हे पाहावे. संदेशवहनाचा दीप लागला आहे, पण थांब-संकेताचा दीपही लागलेला आहे, तर विवर्धकाऐवजी थांब-कळांची साखळी तपासावी. सर्वच दीप विझलेले असल्यास पुरवठा व वितळतार तपासावी. या पद्धतीने महागडा फलक निष्कारण बदलण्याचा खर्च वाचतो.

कपाट बंद करण्यापूर्वी सर्व दीपांची स्थिती लिहून किंवा छायाचित्र काढून ठेवावी. वीज बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या सवयीमुळे दीप नवीन आरंभक्रम दाखवू लागतात व दोषाचा पुरावा नाहीसा होतो. वीज बंद करून कुलूप लावल्यावर भार उतरण्यासाठी पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे, मापक ज्ञात दाबावर तपासून मग नियंत्रकातील दाब मोजावा व मापक पुन्हा ज्ञात दाबावर तपासावा. संयोजक वीज चालू असताना काढू नयेत. मंडल फलक हाताळताना स्थिर विद्युत् भारापासून रक्षण करणारा मनगटपट्टा वापरावा, तथापि उच्च दाबाची मोजमापे करताना तो काढून ठेवावा.

महाराष्ट्रात पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, नासिक, छत्रपती संभाजीनगर इ. ठिकाणच्या मोटारगाड्या व त्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत वितळजोडकाम, रंगकाम व यंत्रांत माल भरण्याचे काम यंत्रमानव करतात. बहुतेक नियंत्रकांसाठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा सु. ४५° से. असल्याने उन्हाळ्यात पंखे व गाळण्या स्वच्छ ठेवणे, तर पावसाळ्यात संयोजकांच्या टाचण्यांवर गंज न धरू देणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते.

अलीकडील नियंत्रकांत दोषांचे वर्णन हस्तफलकाच्या पडद्यावर शब्दांत येते व दूरवरूनही वाचता येते. यामुळे दर्शकदीप निरुपयोगी झालेले नाहीत. पडद्यावर शब्द येण्यासाठी मुख्य संगणक, संदेशवहन व कार्यक्रम हे सर्व सुस्थितीत असावे लागतात. ते बंद पडले असताना नियंत्रकाची स्थिती सांगणारे प्राथमिक साधन म्हणून दर्शकदीपच उरतात.